फोन आधी कोणी ठेवायचा

माझ्या नणंदेला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. मी वन्सं म्हणते. आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, चेष्टेत 'ऑपरेटर' म्हणतात. आणि ज्या हॉस्पिटलात त्या एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसल्या, तिथे झाडूवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'बोर्डवाल्या बाई'. मी त्यांच्याविषयी लिहायला बसले याचं मलाच नवल वाटतंय, कारण एका घरात राहून आम्ही दोघींनी एकमेकींच्या डोक्यावर भरपूर मिरे वाटलेत.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. चिडकी आहे, हे माझ्या वर्गातली कुठलीही मुलगी सांगेल. वन्सं चिडत नाहीत, पण त्यांच्याइतकं अस्वस्थ माणूस मी पाहिलेलं नाही. घरी असल्या की एका जागी टेकायच्या नाहीत. शेजारच्या घरात फोन वाजला तरी उठून उभ्या. तो उचलेपर्यंत या दारापासून त्या दारापर्यंत फेऱ्या, आणि उचलला की "हुश्श" करून बसणार. मी म्हणायचे, "अहो, त्यांचा फोन आहे." त्या म्हणायच्या, "असू दे हो, पलीकडे कुणीतरी वाट बघत असतं ना." कुणी पाहुणा यांना भेटायला आला तर वन्सं त्याला सांगायच्या, "एक मिनिट हं, देते," आणि मग स्वतःच जीभ चावायच्या.

त्यांची खोली मी पाहिलेली आहे. मुख्य दारातून आत गेलं की जिन्याखाली, तिरक्या छताची. उभं राहिलं तर डोकं आपटावं अशी, पण त्यांना कुठे उभं राहायचं होतं. समोर बोर्ड, बाहेरच्या सहा लाइनी, आतले शंभरावर नंबर, आणि ते सगळे तोंडपाठ. भिंतीला यादी चिकटवलेली होती ती दुपारपाळीच्या मुलीसाठी. हेडफोन कायम डाव्या कानावर, त्यामुळे तो कान उजव्यापेक्षा लालसर आणि जरा चपटा झालेला. पायांत चप्पल नाही. दिवसभर टाचा फरशीवर टकटक चालू. बोलताना आवाज मात्र असा शांत, की पलीकडच्याला वाटावं बाई अगदी आरामात बसलीय. कुणाला थांबवून ठेवलं की त्या वीस-वीस सेकंदांनी परत लाइनवर जायच्या. "मी आहे. लावतेय. सोडू नका." हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. नुसत्या शांततेत माणूस घाबरतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना शिकवलेले नियम दोनच. पहिल्याच दिवशी जुन्या ऑपरेटरबाईंनी सांगितले आणि त्यांनी पदराला गाठ मारावी तसे ते धरून ठेवले. एक, फोन आधी समोरच्याने ठेवायचा, आपण नाही. हॉस्पिटलला फोन करणारा घाबरलेला असतो, निघता निघता त्याला एखादी गोष्ट आठवते, तेव्हा आपण तिथे असायला हवं. आणि दुसरा, लाइनवर कानावर आलेलं तोंडातून बाहेर काढायचं नाही. कुणापुढेही, कधीही. ऐकणं टाळता येत नाही, जोडताना एखादं वाक्य कानावर पडतंच. पण जी सांगेल तिने त्या खुर्चीवर बसायचं नाही. दोन्ही नियम त्या पाळतात हे आम्हाला माहीत होतं. पहिल्याचा त्रास असा की घरून कुणाला फोन केला तरी त्या आपणहून ठेवायच्या नाहीत. त्यांची एक मैत्रीण त्यांच्यासारखीच. दोघींचं "ठेव," "नाही, तू ठेव" असं चालायचं, तेवढ्यात माझा भात करपायचा.

तर गेल्या वर्षी हॉस्पिटल नव्या लोकांच्या हातात गेलं. नवे मॅनेजर आले, नव्या खुर्च्या आल्या आणि नोटीस लागली. बाहेरच्या लाइनवर बोलणाऱ्या प्रत्येकाने इंग्रजी संभाषणाची परीक्षा द्यायची. शंभरपैकी पन्नास मिळाले तर बोर्डावर, नाहीतर खाली रेकॉर्ड रूममध्ये. ही रेकॉर्ड रूम तळघरात आहे. तिथे जुन्या फायली, एक ट्यूबलाइट आणि दोन पेंगणारे कारकून. फोन नाही. वन्संच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. पगार तोच मिळणार होता, म्हणून आमचे हे म्हणाले, "बरं झालं, कानाला आराम." वन्संनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते पेपर उचलून दुसऱ्या खोलीत गेले.

त्या संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात परीक्षेची पुस्तिका. "वहिनी, मला शिकवाल?"

एकतीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "मी ओरडते."

"तुम्ही आत्तासुद्धा ओरडताच की."

पुस्तिका उघडली आणि माझंच डोकं फिरलं. अर्धी पुस्तिका फ्रेजल व्हर्ब्जनी भरलेली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्रजीत एखादं साधं, सज्जन क्रियापद असतं. त्याच्यामागे अप, ऑन, आउट, ऑफ यांतलं एक शेपूट लावलं की ते क्रियापद आपलं राहत नाही. शेपूट बदललं की अर्थ बदलला, आणि दोन शेपटं लावली की आणखी तिसराच. मुली रडकुंडीला येतात. मी पंचवीस वर्षं हे शिकवतेय आणि मनातून दर वर्षी त्यांच्या बाजूने असते, पण तसं दाखवत नाही.

ऑपरेटरच्या परीक्षेत 'हँग अप' असणारच, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली.

"हँग म्हणजे टांगणे," मी म्हटलं. "हँग अप म्हणजे वर टांगणे. कोट खुंटीला टांगला, हँग अप. इथवर कळलं?"

"कळलं."

"आणि हँग अप म्हणजेच फोन ठेवणे."

"अहो, ठेवतो तर खाली."

"पूर्वी फोन भिंतीवर असायचे. बोलणं झालं की कानाचा भाग आकड्याला टांगायचा. म्हणून हँग अप."

"आता कुठे असतात भिंतीवर?"

"नसतात. पण शब्द राहिला. त्यांचं ते टांगतात, आपण ठेवतो."

वन्संनी जरा विचार केला. "आपण फोन ठेवतो आणि जीव टांगणीला लावतो," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

मग पुढचं. नुसतं हँग अप केलं तर फोन ठेवला. पण हँग अप ऑन समबडी म्हटलं, की त्याचं बोलणं चालू असताना तोंडावर फोन आपटला. मागे ऑन लागलं की अपमान झाला. हँग ऑन म्हणजे थांबा, जाऊ नका. भूतकाळ हंग. हँग्ड म्हणायचं ते फाशी दिलेल्या माणसाला, फोनला नाही. यावर वन्संनी वहीत फाशीचा दोर काढला आणि त्याच्यावर फुली मारली. त्यांची ती वही मी अजून ठेवलीय. शेवटी मी म्हटलं, "आणि एक नामही आहे, हँग-अप. म्हणजे मनात बसलेली गाठ. उगाच धरून बसलेली गोष्ट, सुटता सुटत नाही अशी. तुमचं ते आधी फोन न ठेवणं, तो हँग-अप."

"तो नियम आहे," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

दोन महिने हे चाललं. मी भाजी चिरत चिरत वाक्यं सांगायचे, त्या घरभर फिरत फिरत म्हणायच्या. बसून पाठांतर त्यांना जमायचंच नाही. गॅलरीतून आवाज यायचा, "शी हंग अप बिफोर आय कुड आन्सर." आंघोळीतून यायचा, "प्लीज डोन्ट हँग अप." चुकल्या की मी ओरडायचे आणि त्या निमूट परत म्हणायच्या. दुपारपाळीची ऑपरेटर, छोटी म्हणतात तिला, तिलाही हीच परीक्षा होती. दोन वर्षांच्या लेकराची आई, कंत्राटावर लागलेली. मी शिकवलेलं सगळं वन्सं दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना तिला शिकवायच्या. छोटीला एका शाळेच्या ऑफिसातही नोकरी मिळत होती, पण शाळा लांब. हॉस्पिटलच्या शेजारी तिच्या लेकराचं पाळणाघर. इथलं पास झालं तर शाळेला नाही म्हणायचं, असं तिने ठरवलेलं. शाळेने तिला निकालापर्यंत मुदत दिली होती.

परीक्षा फोनवर व्हायची होती. शनिवारी सकाळी अकराला परीक्षक घरी फोन करणार. वन्संनी नऊ वाजताच आमच्या हॉलमधल्या फोनजवळ खुर्ची ओढली, चप्पल काढली आणि टाचांची टकटक सुरू केली. यांना मी भाजी आणायला पिटाळलं. फोन आला आणि त्या एका क्षणात बदलल्या. पाठ सरळ, पाय स्थिर, आवाज शांत. मी स्वयंपाकघराच्या दाराला कान लावून उभी. अडखळल्या, पण थांबल्या नाहीत. परीक्षकाने विचारलं असावं की फोन आधी कुणी ठेवायचा, कारण वन्संचं उत्तर मला स्वच्छ ऐकू आलं. "कॉलर, सर. ऑलवेज कॉलर. आय वेट." मला इतका अभिमान वाटला की हातातली पळी मी तशीच घट्ट धरून उभी राहिले.

मग "थँक यू, सर," आणि नंतर काहीच नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी डोकावले. वन्सं रिसीव्हर कानाला लावून बसलेल्या, एक शब्द नाही. मला वाटलं परीक्षक काही समजावतोय. पंचवीस मिनिटांनी त्यांनी रिसीव्हर ठेवला. किती तरी वेळ त्यावर हात तसाच.

"एवढा वेळ काय बोलत होता तो?"

"त्यांनी ठेवला नव्हता," त्या म्हणाल्या, आणि उठून कपडे वाळत घालायला गेल्या.

काय झालं होतं ते मला तीन आठवड्यांनी कळलं, पण तुमच्यापासून ते लपवण्यात मला काही मजा वाटत नाही, म्हणून आत्ताच सांगते. परीक्षा हॉस्पिटलच्याच एका खोलीतून चालली होती. परीक्षक आणि नवे मॅनेजर, दोघे टेबलावर स्पीकर लावून बसलेले. परीक्षा संपल्यावर त्यांनी धरून चाललं की बाईंनी फोन ठेवला. कोणीही ठेवला असता. जगात एकच बाई अशी, की परीक्षकाने आधी ठेवावा म्हणून गप्प थांबून राहील. स्पीकर चालूच राहिला आणि वन्संना सगळं ऐकू आलं.

परीक्षक म्हणाला, "बाईंचं इंग्रजी गोड आहे. पास करायला हरकत नाही."

मॅनेजर म्हणाले, "करा की पास. पहिल्या तारखेपासून मशीनच बोलणार आहे. अमुक विभागासाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा. ऑर्डर कधीच दिलीय."

"मग या बायकांचं?"

"म्हाताऱ्या बाईंना रेकॉर्ड रूममध्ये. ती दुसरी कंत्राटी आहे, महिनाअखेर संपतंय तिचं. परत घ्यायची नाही."

"मग परीक्षा कशाला घेतली?"

"संधी दिली होती असं कागदावर दिसायला हवं."

त्यानंतर बराच वेळ दोघे दुसऱ्याच गप्पा मारत बसले आणि मग कुणीतरी बटण दाबलं. समोरच्याने फोन ठेवल्यावर वन्संनी ठेवला. नियम पाळला.

ते तीन आठवडे घरात वारा शिरल्यासारखं झालं. वन्सं जेवताना मध्येच उठायच्या, पाणी प्यायला म्हणून गेलेल्या गॅलरीत सापडायच्या. कपाट आवरायला काढायच्या आणि अर्धं आवरून सोडायच्या. झोप नाही, भूक नाही. मी म्हणायचे, "निकाल लागेल चांगला, कशाला जिवाला घोर लावून घेताय?" त्या नुसत्या मान हलवायच्या. आणि एक गोष्ट मला फार खटकली. छोटीची परीक्षा त्यांच्यानंतर दहा दिवसांनी होती, आणि वन्संनी तिला शिकवणं बंद केलं. तिचा फोन आला की "आज नको गं, डोकं दुखतंय." मला वाटलं, ही स्पर्धा चालू झाली. मी तसं बोलूनही दाखवलं. "स्वतःचं झालं म्हणून दुसरीची शिडी काढून घेताय?" शाळेत मुलींना सुनावते तसं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मीच मग चिडून छोटीला दोन रविवार घरी बोलावलं आणि सगळं शिकवलं. हँग अप, हँग अप ऑन, हंग आणि हँग्ड. वन्सं तेव्हा बाहेर फिरायला निघून जायच्या.

निकाल शनिवारी लागला. वन्संना एकाहत्तर, छोटीला चौसष्ट. यांनी टाळ्या वाजवल्या, मी वन्संच्या पाठीवर थाप मारली. त्या म्हणाल्या, "छोटीसुद्धा पास झाली?" आणि मटकन खाली बसल्या. मी त्याला आनंद समजले. पंचवीस वर्षं मुलींचे चेहरे वाचतेय म्हणे मी.

रविवारी दुपारी छोटी घरी आली. कडेवर लेकरू, चेहरा फुललेला. आल्या आल्या माझ्या पाया पडली, वन्संच्या पडली. म्हणाली, "उद्या शाळेत जाऊन नाही म्हणून सांगून येते. तुमच्या दोघींमुळे झालं." लेकराला जमिनीवर सोडलं. ते थेट फोनकडे धावत गेलं आणि वायर ओढायला लागलं.

वन्सं खोलीत फेऱ्या मारत होत्या. दारापर्यंत, परत. खिडकीपर्यंत, परत. मी म्हटलं, "बसा ना जरा, ती केव्हाची उभी आहे." त्या थांबल्या, पण बसल्या नाहीत.

"शाळेला नाही म्हणू नकोस," त्या म्हणाल्या.

छोटी हसली. "का हो? पास झाले ना मी."

"पास होऊन उपयोग नाही. पहिल्या तारखेपासून बोर्डावर मशीन येतंय. तुझं कंत्राट ते पुढे चालवणार नाहीत. मी ऐकलंय. माझ्या परीक्षेच्या दिवशी, लाइनवर." आणि मग त्यांनी मघाशी मी सांगितलं ते सगळं, शब्दन् शब्द, सांगितलं. मॅनेजरांच्या बोलण्याची ढबसुद्धा. छोटीचा चेहरा उतरत गेला. तिने वन्संना उलट एक प्रश्न विचारला नाही. त्यांच्याबरोबर दोन वर्षं बोर्डावर बसली होती, त्या ऐकलेलं सांगतायत याचा अर्थ तिला माझ्या आधी कळला. तिने लेकराला उचललं, वन्संचा हात जरा वेळ धरला आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने शाळेला हो म्हणून कळवलं.

दार लावून मी वळले तर वन्सं टेबलाशी बसलेल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा स्थिर.

"ती नापास व्हावी म्हणून मी वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "नापास झाली असती तर आपोआप शाळेत गेली असती. मला काही बोलावं लागलं नसतं. म्हणून शिकवणं सोडलं. आणि तुम्ही तिला शिकवून पास केलंत."

शिडी काढून घेताय म्हणाले होते मी त्यांना. मी म्हटलं, "मला सांगायचं होतंत."

"कसं सांगणार?"

मग म्हणाल्या, "एक पत्र लिहून द्या. इंग्रजीत. उद्यापासून मला रेकॉर्ड रूममध्ये पाठवा असं."

मी उडालेच. "अहो, मशीन यायला अजून आठवडा आहे. तेवढा तर बसा खुर्चीवर. पास झालाय तुम्ही, एकाहत्तर मिळालेत. कुणाला कळणारही नाही तुम्ही काही सांगितलंत ते. छोटी थोडीच बोलणार आहे?"

"मला कळलंय ना. मी ऐकलेलं सांगितलं. आता त्या खुर्चीवर बसता येणार नाही."

मी वाद घातला, चांगला अर्धा तास. हे मध्ये पडले, त्यांनाही झापलं. वन्संनी फक्त कागद माझ्यापुढे सरकवला. शेवटी मी रागारागाने पेन उघडलं. कारण म्हणून 'वैयक्तिक' लिहिलं, तर म्हणाल्या, "ते खोडा. लिहा, लाइनवर ऐकलेलं मी बाहेर सांगितलं."

मी लिहायला लागले आणि अर्ध्या ओळीत माझा हात थांबला. जे इतकी वर्षं बोलले नव्हते ते तेव्हा तोंडातून बाहेर पडलं.

माझी आई त्याच हॉस्पिटलात गेली. सत्तावीस वर्षं झाली. ऑपरेशननंतर दोन दिवस आम्ही आशेवर होतो. डॉक्टर आम्हाला म्हणत होते, बघू या. पण आपसात फोनवर ते बोलले होते की आता काही तासांचाच प्रश्न आहे. तो फोन वन्संनी जोडला होता. संध्याकाळी त्या घरी आल्या, माझ्याबरोबर बसून कपड्यांच्या घड्या घातल्या, मी आईला घरी आणल्यावर कुठली खोली द्यायची ते बोलत राहिले, आणि त्या हो हो म्हणत राहिल्या. मी त्या रात्री हॉस्पिटलात गेले नाही. सकाळी जाऊ म्हटलं. सकाळी ती नव्हती. पुढे कधीतरी डॉक्टरांच्याच बोलण्यातून मला ते कळलं, आणि मी वन्संशी चार महिने बोलले नाही. मग बोलायला लागले, पण तो विषय कधी काढला नाही.

"माझ्या आईच्या वेळी नाही मोडलात नियम," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला आणि मला त्याची लाज वाटली नाही. "मला माझ्या आईजवळ बसता आलं असतं, वन्सं. एक रात्र. त्या पोरीसाठी मोडलात. मी कोण होते मग तुमची?"

मला वाटलं त्या म्हणतील, नियम होता. हे उत्तर मी सत्तावीस वर्षं त्यांच्या वतीने स्वतःला देत आले होते. त्यावर मी थोडंफार माफही केलं होतं.

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. टाचा हलत नव्हत्या, हात हलत नव्हते.

"नियमाचं काय हो, वहिनी," त्या म्हणाल्या. "जी सांगेल तिने खुर्ची सोडायची, हेही त्या नियमातच आहे. म्हणजे सांगायची वाट होतीच. सांगून खुर्ची सोडता आली असती. मला चार वर्षं झाली होती तिथे. तुमच्या शेजारी घड्या घालत होते आणि मनात तेवढंच चाललं होतं, की सांगितलं तर उद्यापासून जायचं नाही. आणि मला जायचं होतं."

बाहेर यांच्या पेपरची पानं उलटल्याचा आवाज आला आणि थांबला.

मी ते वाक्य पुरं केलं, खाली तारीख घातली आणि पत्र त्यांच्याकडे वळवलं. त्यांनी चष्मा लावून ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, एका ठिकाणी स्पेलिंग बरोबर आहे ना असं विचारलं, आणि सही केली.